रोज पान फाडायचं दिनविशेष कॅलेंडर : घ्यावं का? वर्षभर भिंतीवर ठेवून लिहितोय

पुढच्या वर्षीची कॅलेंडरं महाद्वार रोडला दुकानांच्या दारात लटकायला लागलीत, त्यात ते रोज एक पान फाडायचं दिनविशेषवालं पण आलंय आणि गल्लीतल्या दोघातिघांनी विचारलं की तुमच्याकडं आहे ते कसं आहे ओ, घ्यावं काय, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो. प्रेसचं नाव लिहीत नाही, पुढं तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तसं पण असल्या धर्तीची दोनतीन मिळतात आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांची गत सारखीच.

आधी वस्तू सांगतो. मागं जाड पुठ्ठा, वर पत्र्याची पट्टी, ३६५ पानांचा गठ्ठा. पुढच्या बाजूला लांबनं दिसेल एवढा मोठ्ठा आकडा, खाली तिथी, नक्षत्र, सूर्योदय-सूर्यास्त (मुंबईचा, आमचा नाही), आणि पान उलटं केलं की मागं त्या तारखेला इतिहासात काय काय घडलं ते चारपाच ओळीत. किंमत छापील ३२०, मला २८० ला दिलं. छपाई चांगली, शाई हाताला लागत नाही. पण फाडायच्या जागी जी टिकल्याटिकल्यांची रेघ असती ती नीट मारलेली नाही, घाईत ओढलं की नेमकं तारखेचं डोकं पट्टीला राहतं आणि धड हातात येतं. जूनपासनं तर विचारूच नका, कोल्हापूरच्या पावसात पानं अशी सादळली की एक ओढलं की चार आली, मग ती उरलेली तीन पट्टीत खोचून ठेवायची. भिंतीला ओल असेल तर हे कॅलेंडर त्या भिंतीला लावू नका, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता घेतलं कशाला, तर लेकीच्या शाळेसाठी. परिपाठाला रोज एका पोरानं दिनविशेष वाचायचा असतो, हिचा नंबर आला की आदल्या रात्री साडेनऊला आठवतंय, मग मोबाईल शोधा, त्यात एका ठिकाणी एक तारीख, दुसऱ्या ठिकाणी दुसरी, आणि मध्येच जाहिरात. म्हणलं त्यापेक्षा भिंतीवर असलेलं बरं, पान फाडलं, दप्तरात टाकलं, विषय संपला. भिंतीवर कालनिर्णय आहेच, पण त्याचं काम वेगळं, सण-उपास-दूधवाल्याचा हिशोब. ह्याच्याकडनं मला फक्त इतिहास पाहिजे होता, तर त्याच हिशोबानं मार्क देतोय.

जिथं जमलंय तिथं लई भारी जमलंय, हे आधी सांगतो. २५ जूनचं पान बघा. १९३२ ला ह्याच दिवशी लॉर्ड्सवर भारताची पहिली टेस्ट सुरू झाली, सी. के. नायडू कॅप्टन, आणि १९८३ ला बरोबर त्याच तारखेला त्याच ग्राउंडवर कपिलच्या टीमनं वर्ल्ड कप घेतला. आणि ह्या दोन्हींच्या मध्ये १९७५ ची २५ जून, रात्री आणीबाणी लागली ती. तीन ओळी, एकाखाली एक, वर्ष आणि घटना, बाकी कायबी भाष्य नाही. आमचे आण्णा चहा पिता पिता ते पान दोनदा वाचले आणि मग अर्धा तास त्र्याऐंशीच्या रात्री गल्लीत कुणाच्या घरी टीव्ही होता, कोण कुठं बसलं होतं आणि कुणाचा अँटेना कुणी धरला होता ते सांगत बसले. २८० रुपयांतले पन्नास तिथंच वसूल.

१ ऑगस्टचं पण तसंच. १९२० साली ह्याच दिवशी लोकमान्य टिळक मुंबईत गेले आणि ह्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. नुसती तारीख सारखी नाही, वर्षसुद्धा तेच, म्हणजे शब्दशः एकच दिवस! मला दोन्ही जयंती-पुण्यतिथी शाळेपासनं माहीत आहेत, एकाच दिवशी दोन फोटोंना हार घालतात हे पण बघितलंय, पण वर्ष एकच आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि खाली शेवटची ओळ २०२४ ची, पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं ती. कांबळवाडीचा पोरगा, राधानगरी तालुका. म्हणजे संपादकानं जुनीच यादी दरवर्षी छापायचा आळस केलेला नाही, नवीन भर घातलीय, मानलं.

अमेरिकेतली पण काही पानं चांगली आहेत, उदाहरणार्थ ४ जुलै. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, दोघंही माजी राष्ट्राध्यक्ष, दोघांचाही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हात, आणि दोघंही १८२६ च्या ४ जुलैला गेले, त्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, काही तासांच्या अंतरानं. असलं कुणी गोष्टीत लिहिलं तर आपण म्हणू की काय फेकतोय. रंकाळ्यावर सकाळी आण्णांचा जो ग्रुप फिरायला असतो त्यांच्यात हे पान आठवडाभर चाललं.

पण सगळ्यात भारी पान म्हणाल तर ४ ऑक्टोबर. १५८२ साली पोप ग्रेगरीनं कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा इटली, स्पेन, पोर्तुगाल ह्या देशांत ४ ऑक्टोबर गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर शुक्रवार उजाडला, मधल्या दहा तारखा गायब. वार मात्र मोडला नाही. कारण पण नीट दिलंय, जुन्या ज्युलियन पद्धतीत वर्ष ३६५ दिवस सहा तासाचं धरलेलं, खरं वर्ष त्यापेक्षा अकराएक मिनिटं कमी, ती मिनिटं शतकानुशतकं साचत गेली आणि वसंतातला दिवस-रात्र सारखं असायचा दिवस दहा दिवस मागं सरकला. इंग्रजांनी पोपचं ऐकायला १७५२ साल उजाडवलं, तोवर फरक अकरा दिवसांचा झालेला, म्हणून त्यांच्याकडं २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. रशियानं तर १९१८ पर्यंत हट्ट सोडला नाही, म्हणून त्यांची ऑक्टोबर क्रांती जगाच्या हिशोबात ७ नोव्हेंबरला येती. लेकीनं हे परिपाठाला वाचलं तर एका पोरानं म्हणे विचारलं की त्या दहा दिवसांत ज्यांचा बर्थडे होता त्यांनी काय केलं. आता ह्याचं उत्तर कुठल्या पानावर असणार!

आणि इथूनच माझी पहिली खरी तक्रार सुरू होती. एवढं व्यवस्थित समजावून सांगणाऱ्या माणसानं ते स्वतःच्याच बाकीच्या पानांना लावलेलं नाही. १९ फेब्रुवारी १६३०, शिवजयंती, पान बरोबर आहे, सरकारी तारीख तीच आहे. फाल्गुन वद्य तृतीयेच्या पानावर तिथीप्रमाणे शिवजयंती लिहिलंय, तेही बरोबर. वैशाख शुद्ध द्वितीयेला 'परंपरेप्रमाणे' लिहिलंय, तेही दिलं हे बघून बरं वाटलं, कारण आमच्या पेठांमध्ये खरी मिरवणूक, पालखी, मर्दानी खेळ, लेझीम सगळं त्याच दिवशी असतंय, शके १५४९ ची जुनी तिथी धरून. म्हणजे एका वर्षात तीन पानांवर तीन शिवजयंत्या. ठीक आहे. पण कुठं एक ओळ टाकायला काय जात होतं, की १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे आणि आज आपल्या भिंतीवर जी पद्धत आहे तिच्यानं ती १ मार्च १६३० येती? राज्याभिषेकाचं पण तेच, ६ जून १६७४ म्हणजे आजच्या पद्धतीनं १६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. मी तारीख बदला म्हणत नाही, कुणी बदलणार पण नाही, रायगडावर ६ जूनला जी गर्दी होती ती होणारच आणि तिथीला परत होणारच. पण ४ ऑक्टोबरच्या पानावर पोपाच्या दहा दिवसांची गंमत सांगता आणि आपल्याच राजाच्या तारखेत तेच दहा दिवस लपलेत ते सांगत नाही, हे म्हणजे वाढप्यानं पंगतीत सगळ्यांना वाढून यजमानालाच विसरावं तसं झालं.

१३ जुलैचं पान मी वाटच बघत होतो. घोडखिंड, बाजीप्रभू, १६६०. लिहिलंय, पण सगळं एका तारखेत कोंबलंय, पन्हाळ्यावरनं निसटणं पण १३ लाच. अहो ती एका रात्रीची गोष्ट आहे पण तारखा दोन आहेत. १२ जुलै, आषाढी पौर्णिमेची रात्र, धो धो पाऊस, सिद्दी जौहरचा वेढा, महाराज पन्हाळ्यावरनं निघाले ते त्या रात्री, आणि खिंडीतली लढाई झाली दुसऱ्या दिवशी, १३ ला. आणि शिवा काशीदचं नावसुद्धा नाही! महाराजांच्या वेषात पालखीत बसून जो माणूस मरायला गेला त्याचं नाव नाही आणि त्याच पानावर तळाला कुठल्यातरी युरोपियन फुटबॉल क्लबचा स्थापना दिवस. इथली पोरं दरवर्षी पन्हाळ्यावरनं पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत चालत जातात, कुणी तारखेला जातं कुणी गुरुपौर्णिमेला, त्यातल्या कुठल्याबी पोराला विचारलं असतं तर त्यानं हे पान बिनचूक लिहून दिलं असतं.

दुसरी तक्रार गेल्याच आठवड्यातली. १० डिसेंबरचं पान फाडलं तर मागं 'कोयना भूकंप, १९६७'. आण्णा एकदम चिडले. "दहा न्हवं, अकरा डिसेंबर. पहाटंचा झाला त्यो, मला सांगतोय व्हय ह्यो!" त्या पहाटे फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली घोंगडी पांघरून रस्त्यावर बसली होती, हे आम्ही दर वर्षी ऐकतो. आता ही चूक आली कुठनं ते सांगतो. भूकंप झाला आपल्या घड्याळात ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. त्या वेळी ग्रीनिचला होते रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं, तारीख अजून १०. परदेशी भूकंपांच्या यादीत सगळं त्या घड्याळानं नोंदतात, आणि प्रेसवाल्यानं ती यादी डोळे झाकून उचलली. बरं मग किल्लारी? ती बरोबर ३० सप्टेंबर १९९३ लाच दिलीय. ती पण पहाटेचीच, ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीची विसर्जनाची रात्र, म्हणजे परदेशी यादीत ती २९ ला पडती. ह्याचा अर्थ किल्लारी आपल्याकडच्या माहितीतनं घेतली आणि कोयना बाहेरच्या. एका पुठ्ठ्यावर दोन घड्याळं. चंद्राचं पण असंच, २० जुलै १९६९ लिहून मोकळे, अमेरिकेत ते खरं आहे, पण आपल्याकडं यान उतरलं तेव्हा २१ तारखेचे रात्रीचे पावणेदोन झाले होते आणि आर्मस्ट्राँगनं पाय ठेवला तो सकाळी साडेआठच्या सुमारास. चंद्राचं मी सोडून देईन एकवेळ, जगात सगळे २० च म्हणतात. कोयनेचं नाही सोडणार. ज्यांची घरं पडली ते ११ ला जागे झाले.

आणि तिसरी, जी खरं तर मोठी आहे. कोल्हापूर कुठाय? महाराष्ट्रात विकायचं कॅलेंडर आहे, सगळ्या जिल्ह्यांचं सगळं येणार नाही हे मला कळतंय, पण काही पानं अशी आहेत की तिथं आमची ओळ नसणं म्हणजे महाराष्ट्राचीच ओळ नसणं.

२६ जुलै घ्या. पानावर काय आहे, कारगिल विजय दिवस १९९९, आणि २००५ चा मुंबईचा पाऊस, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर. दोन्ही पाहिजेतच, वाद नाही. पण १९०२ साली ह्याच तारखेला करवीर संस्थानच्या गॅझेटात शाहू महाराजांचा हुकूम निघाला, सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांना. गोष्ट साधी वाटती पण साल बघा, १९०२. हुकूम पण नुसता 'द्यावे' असा गुळमुळीत नाही, मागासलेले म्हणजे कोण ते सांगितलंय, ज्या खात्यात त्यांचं प्रमाण पन्नासपेक्षा कमी आहे तिथं पुढची भरती त्यांच्यातनंच करायची असं सांगितलंय, आणि खातेप्रमुखांनी तिमाही तक्ते पाठवायचे हे सुद्धा. महाराज स्वतः तेव्हा विलायतेत, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला गेलेले. त्या राज्यारोहणाची पण तारखेचीच गंमत, ते ठरलं होतं २६ जूनला, राजाचं ऐनवेळी अपेंडिक्स दुखलं, ऑपरेशन झालं आणि कार्यक्रम गेला ९ ऑगस्टवर. २६ जून म्हणजे महाराजांचा वाढदिवस, आता सामाजिक न्याय दिन. आमच्या आण्णांच्या पिढीनं तर शाहू जयंती बरीच वर्षं २६ जुलैलाच केली, जुन्या पुस्तकांत तीच तारीख होती, पुढं ती दुरुस्त होऊन जून झाली. म्हणजे ह्या एका तारखेवर केवढं सांगण्यासारखं आहे बघा. एक ओळ, एक ओळ टाकायची होती. सुविचाराला जागा मिळाली पानावर, ह्याला नाही मिळाली.

२३ जुलै, टिळक आणि चंद्रशेखर आझाद यांचे जन्म, बरोबर. पण १९५२ ला ह्याच दिवशी हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गाव गोळेश्वर, कराडजवळ, पण शिकले राजाराम कॉलेजला, आणि जायला पैसे नव्हते तेव्हा त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे करून दिले. कुसाळे घेतला आणि खाशाबा विसरले, ह्याला काय म्हणायचं?

९ ऑगस्टला क्रांतिदिन आणि नागासाकी. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले, त्यांचा जन्म, १८९०, तो नाही. २०२४ ला त्याच्या आदल्याच रात्री, ८ ऑगस्टला, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. सकाळी जयंतीचा कार्यक्रम करायचा तर सगळीकडं नुसता धूर. आम्ही कितीतरी जण त्या रात्री खासबागच्या बाजूला उभं होतो आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ते पान मी फाडलेलं नाही, आहे तसंच काढून ठेवलंय आणि मागं पेननं लिहिलंय.

बाकी पटापट. १८ नोव्हेंबरला दोन गोष्टी एकत्र येतात, १९०१ ला कोल्हापुरात व्ही. शांताराम जन्मले आणि १९६२ ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते. कॅलेंडरात शांताराम आहेत, विद्यापीठ नाही. १ मार्चला, १९४९ साली, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, नाही. ३० नोव्हेंबर १८७०, विलायतेहून परत येताना कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले, वय वीस, आर्नो नदीकाठी अग्नी दिला आणि आजही तिथं बागेत त्यांचा पुतळा छत्रीखाली उभा आहे, नाही. हे शेवटचं तर कुठल्याबी गावच्या वाचकाला आवडलं असतं, त्याला कोल्हापूरचंच असायला नको.

लेकीच्या बाईंनी मात्र ह्यावर चांगला तोडगा काढला. कॅलेंडरातली एक ओळ वाचायची आणि एक ओळ घरी विचारून आणायची, आपल्या भागातली, साल आणि तारखेसकट. त्यामुळं आता आमच्या घरी आण्णांना डिमांड आलाय, रात्री साडेनऊलाच, ते काय बदललेलं नाही.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा कागदासाठी कापला, एक कोयना आणि २६ जुलैसाठी. शाळेत जाणारं पोर किंवा घरी बसून असलेलं म्हातारं माणूस असेल तर बिनधास्त घ्या, दुकानदार असाल तर गल्ल्यामागं लावा, गिऱ्हाईक उगाच दोन मिनिटं जास्त थांबतंय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी मात्र ह्याच्यावर भरवसा ठेवू नका, तारीख दुसरीकडं ताडून बघा. घेताना दुकानात उभं राहूनच १३ जुलै, २६ जुलै आणि १०-११ डिसेंबर एवढी पानं उलटून बघा. मी काल नवीन वर्षाचं बघून आलो, कोयना ११ वर आलीय, कुणीतरी कळवलेलं दिसतंय. २६ जुलै आहे तशीच. पट्टी ह्या वेळी पत्र्याची नाही, गम लावून चिकटवलंय, तेवढं पावसाळ्याच्या हिशोबानं बघून घ्या, आणि २८० च्या वर एक रुपया देऊ नका.